केमोचा त्रास : किती सोसायचा, कधी सांगायचा

गारगोटीहून कोल्हापूर साधारण 50 किलोमीटर. भुदरगड तालुक्यातला कॅन्सरचा रुग्ण केमो किंवा लाइट घ्यायला तिथं जातो, नाहीतर रात्रीची रेल्वे धरून परळच्या टाटा हॉस्पिटलला. औषध तिकडं मिळतं आणि त्याचा त्रास सुरू होतो घरी आल्यावर. त्या वेळी डॉक्टर लांब असतात, सल्ला द्यायला मात्र अख्खी गल्ली हजर असते.

या सल्ल्यांतला सर्वांत घातक म्हणजे, “केमोनंतर अंग तापणारच. तापाची गोळी घे आणि पड.” बहुतेक केमोंनंतर साधारण 7 ते 14 दिवसांच्या दरम्यान रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी झालेल्या असतात. जंतूंशी लढणाऱ्या पेशी त्याच. त्या काळात ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला, तर जंतुसंसर्ग आहे असंच धरायचं आणि त्याच रात्री दवाखाना गाठायचा. शिरेतून अँटिबायोटिक लवकरात लवकर सुरू व्हावं लागतं. पॅरासिटामॉलनं थर्मामीटरवरचा आकडा उतरतो, संसर्ग आत वाढतच राहतो. कधी कधी तर तापही येत नाही, नुसती हुडहुडी भरते किंवा माणूस गळून जातो. तेही तितकंच गंभीर. पावसाळ्यात कोल्हापूरचा रस्ता अडला असेल, तर गारगोटीतच आधी दाखवा. केमोची फाइल सोबत न्या आणि “केमो कधी झाली” हे पहिल्या वाक्यात सांगा.

याच कारणानं धारोष्ण दूधही या काळात नको. ताकदीसाठी म्हशीखालचं ताजं दूध पिण्याचा कोल्हापूरकरांचा अभिमान मला मान्य आहे, पण पांढऱ्या पेशी कमी असताना दूध उकळूनच प्यावं.

“दूध, अंडी, मटण बंद करा, गाठ पोसली जाते” या सल्ल्यानं आधीच खंगलेला माणूस आणखी खंगतो. उपाशी ठेवून गाठ मरत नाही. आधी झिजतात ते स्नायू. वजन फार उतरलं की उपचार लांबतात किंवा डोस कमी करावा लागतो. तोंड आलं असेल तर तांबड्या रश्श्याला काही दिवस सुट्टी द्या, पण मटणाचं अळणी, उकडलेलं अंडं, मऊ खिचडी चालू ठेवा.

“त्रास जास्त म्हणजे औषध लागू पडतंय” हेही सर्रास ऐकू येतं. त्रास किती होतो यावरून गाठ किती विरघळली हे ठरवता येत नाही. उलट्यांवर आता चांगली औषधं आहेत. तरी उलट्या थांबत नसतील, तर ती औषधं बदलून मागावीत.

वर्षानुवर्षं चालणाऱ्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. स्तनाच्या कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेनसारखी हार्मोनची गोळी 5 वर्षं, कधी 10 वर्षं घ्यावी लागते. अंगातून वाफा निघतात, झोप उडते. याच कामाच्या दुसऱ्या काही गोळ्यांनी सांधे आखडतात. मग “उष्ण पडते” म्हणून बाई गोळी एक दिवसाआड घेऊ लागते आणि घरात कुणाला पत्ताही नसतो. गोळी बदलता येते, सांध्यांना व्यायामानं उतार पडतो, वाफांवरही उपाय आहेत. पण टॅमॉक्सिफेन चालू असताना एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, तर रक्ताची गुठळी असू शकते. पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त गेलं, तर तेही तपासावं लागतं. या दोन्हींत वाट पाहू नये.

हातापायांच्या मुंग्यांना “अशक्तपणा” म्हणून टॉनिक घेतात. पॅक्लिटॅक्सेल, ऑक्सॅलिप्लॅटिन अशी औषधं नसांवर परिणाम करतात. वेळीच सांगितलं तर डोस कमी करता येतो, उशीर झाला तर बधिरपणा कायमचाही राहू शकतो. असे पाय घेऊन भातलावणीला अनवाणी चिखलात उतरू नये. काच रुतली तरी कळत नाही. थकव्यावर मात्र नुसतं पडून राहणं हा उपाय नव्हे. झेपेल तेवढं रोज चालल्यानं तो कमी होतो, हे अनेक अभ्यासांतून दिसलं आहे.

सांगण्यानं काय होतं, याचं एक ठोस उत्तर अमेरिकेतून आलं. न्यूयॉर्कमध्ये, अंगात पसरलेल्या कॅन्सरच्या 766 रुग्णांपैकी काहींना आपला त्रास नियमितपणे संगणकावर नोंदवायला सांगितलं. तो वाढला की नर्सला कळायचं. बाकीच्यांचे उपचार नेहमीसारखे चालले. 2017 साली निकाल आले : नोंदवणाऱ्यांचं मध्यक आयुष्य 31.2 महिने, इतरांचं 26. कॅन्सरवरचं कुठलंही नवं औषध त्यात नव्हतं.

आपल्याकडं त्यासाठी दोनशे पानी वही पुरे. रोज ताप, उलट्या, जेवण, मुंग्या यांची एक ओळ लिहा. आणि पुढच्या केमोला गेलात की एवढं विचारूनच निघा : रात्री दोनला ताप आला तर कुठल्या नंबरवर फोन करायचा? तो नंबर फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या.