बाकला लावण्याआधी

बाझलच्या हॉफमन-ला रोश या औषध कंपनीत १९१३ साली मार्कुस गुगेनहाइम नावाचे रसायनशास्त्रज्ञ बाकल्यावर काम करत होते. बाकला बाजारातून आणलेला नव्हता, तो कंपनीचे संस्थापक फ्रिट्झ हॉफमन यांच्या घरच्या बागेतला होता. गुगेनहाइम यांनी त्यातून एक पदार्थ शुद्ध करून वेगळा काढला, त्याची रासायनिक रचना ठरवली आणि शरीरावर काय होतं ते पाहायला अडीच ग्रॅम स्वतःच गिळला. मळमळ सुरू झाली, उलट्या झाल्या. औषध म्हणून यात दम नाही, असं तेव्हा सगळ्यांचं मत पडलं. तो पदार्थ म्हणजे एल-डोपा. १९६१ साली व्हिएन्नामध्ये बिर्कमायर आणि होर्निकिएविच यांनी तो पार्किन्सनच्या रुग्णांना शिरेतून टोचला, आणि जागचे हलू न शकणारे रुग्ण काही तासांपुरते उठून चालू लागले. १९६७ मध्ये न्यूयॉर्कला जॉर्ज कोट्झियास यांनी मात्रा हळूहळू वाढवत तोंडावाटे देण्याची रीत बसवली. पार्किन्सनवरचं मुख्य औषध आजही तेच आहे.

आपल्या सह्याद्रीत झुडपांवर चढणाऱ्या खाजकुइलीच्या बियांतही हाच पदार्थ आहे. तो १९३७ साली मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी वेगळा काढला. बाकल्याच्या कोवळ्या शेंगा सोलताना बोटं काळवंडतात आणि वाळलेली शेंग कोळशासारखी काळी होते, त्यामागेही डोपाच आहे. हवा लागली की त्याचा काळा रंग बनतो. (गोळ्या बंद करून शेंगा खाव्यात, असा अर्थ कुणी यातून काढू नये. शेंगेत डोपा किती उतरेल याचा नेम नसतो.)

महाराष्ट्रात बाकला फारसा ओळखीचा नाही. बिहार-उत्तर प्रदेशात तो बाकला, इंफाळच्या खोऱ्यात हवाई अमुबी, इंग्लंडमध्ये ब्रॉड बीन, इटलीत आणि अमेरिकेत फावा, इजिप्तमध्ये फूल. दिसायला वाल-पावट्याचा थोरला भाऊ वाटला तरी नातं जवळचं आहे ते वाटाण्याशी आणि मसुराशी. थंडीत वाढायचं आणि ऊन तापलं की आवरतं घ्यायचं, ही सवयही त्याच घराण्याची. परसात लावायला इतकं समाधान देणारं दुसरं कडधान्य मला माहीत नाही. पण ते लावण्याआधी त्याच्या पोटात काय आहे हे समजून घ्यायला हवं. ते कळलं नाही तर एखाद्या घरात ही शेंग जिवावर बेतू शकते.

आधी लावणीचं सांगते, कारण मला त्याचाच जास्त आनंद आहे. मी राहते त्या इंग्लंडमध्ये हौशी माळ्याच्या वर्षाचं पहिलं पीक बहुधा बाकल्याचंच असतं. इथे १९०८ च्या कायद्याने नगरपालिकांवर नागरिकांना भाजीपाल्यासाठी जमिनीचे तुकडे भाड्याने देण्याची जबाबदारी आली. जुन्या मापाने एक तुकडा दहा रॉडचा, म्हणजे साधारण अडीचशे चौरस मीटरचा. दुसऱ्या महायुद्धात घरोघरच्या बागा आणि असे तुकडे खणून लोकांनी भाज्या पिकवल्या. बाकल्याचा इथल्या घरांतला मुक्काम मात्र त्याहून कितीतरी जुना. बटाटा आणि फरसबी अमेरिकेतून युरोपात येण्याआधी गरिबाच्या घरचं शेंगवर्गातलं अन्न म्हणजे वाटाणा आणि बाकला.

बी अंगठ्याच्या नखाएवढं, चपटं, एका टोकाला काळी पट्टी असलेलं. ते पाच सेंटीमीटर खोल आणि वीतभर अंतरावर पेरायचं. ओळी जोडीने घ्यायच्या, म्हणजे झाडं एकमेकांना आधार देतात. 'अक्वाडुल्चे क्लॉडिया' ही जुनी जात नोव्हेंबरमध्ये पेरली तर हिवाळा उघड्यावर काढते. तिच्या तगण्याचं कारण जमिनीखाली आहे. बाकल्याची बीजदलं घेवड्यासारखी वर येत नाहीत, मातीतच राहतात. कडक दहिवराने वरचा कोंब करपला तरी खालच्या डोळ्यांतून नवे कोंब फुटतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरलेलं पीक उन्हाळ्यात जवळपास बरोबरीला येतं, पण त्याच्यावर मावा जास्त पडतो.

खोड चौकोनी आणि पोकळ. वाटाण्यासारखे तणावे याला नाहीत, म्हणून चारी बाजूंनी काठ्या रोवून सुतळी फिरवावी लागते. वाऱ्यात शेंगांच्या भाराने झाड मोडतं ते बहुतेक वेळा बुडाशीच. पानाच्या देठाशी दोन छोटी उपपर्णं असतात आणि प्रत्येकावर शाईचा ठिपका पडावा तसा गडद डाग. हा डाग म्हणजे रोग नव्हे, ती मधाची ग्रंथी आहे. फुलाबाहेर, पानाच्या बुडाशी झाड साखरपाणी ठेवतं आणि मुंग्या त्यासाठी ये-जा करतात. भिंग लावून पाहिलं तर डागावर चमकणारा थेंब दिसतो.

फुलं पांढरी, पंखांवर काळा टिळा असलेली, आणि संध्याकाळी दुरूनही वास येईल अशी. त्यांच्यावर गुबगुबीत केसाळ भुंगे येतात. लांब जिभेचे भुंगे समोरून आत शिरतात आणि परागीभवन करतात. आखूड जिभेच्यांना तिथून मध पोचत नाही, म्हणून ते फुलाच्या बुडाला बाहेरून भोक पाडतात आणि मध ओढून घेतात. देठाजवळ तपकिरी कडेचं बारीक छिद्र दिसलं की समजावं, चोरवाट पडली आहे. मग साध्या मधमाश्याही त्याच छिद्राने येतात. बाकला स्वतःच्या परागावरही काही शेंगा धरतो, पण भुंग्यांची वर्दळ असली तर शेंगा जास्त भरतात. म्हणून फुलोऱ्यात कीटकनाशक मारणं म्हणजे आपलंच पीक बुडवणं.

काळा मावा इथला कायमचा पाहुणा. त्याची अंडी हिवाळाभर स्पिंडल नावाच्या झुडपावर असतात आणि वसंतात तो उडून बाकल्याच्या शेंड्यांवर उतरतो, कारण सगळ्यात कोवळा रस तिथेच असतो. उपाय जुना आणि बिनखर्ची आहे: खालच्या शेंगा धरू लागल्या की वरचा बोटभर शेंडा खुडून टाकायचा. माव्याची जागा जाते आणि झाडाचं बळ शेंगांकडे वळतं. मावा पडण्याआधी खुडलेले शेंडे लसणाच्या फोडणीवर परतले की हरभऱ्याच्या पाल्याच्या वळणाची भाजी होते. दमट हवेत पानांवर चॉकलेटी ठिपके पडतात, ते बुरशीचे. दाट लावणी केली की हा रोग ठरलेला.

पीक निघाल्यावर झाड उपटू नये, जमिनीलगत कापावं. मुळांवर गाठी असतात. ताजी गाठ नखाने फोडली तर आत फिकट गुलाबी रंग दिसतो. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या गोतातल्या प्रथिनाचा. नत्र बांधणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू बेताने पुरवणं हे त्याचं काम.

याच मुळांच्या टोकांनी जीवशास्त्राला मोठं देणं दिलं आहे. बाकल्यात गुणसूत्रांच्या फक्त सहा जोड्या, पण गुणसूत्रं भलीमोठी, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसणारी. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात अल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला या मूलाग्रांना किरणोत्सारी फॉस्फरस दिला आणि पेशी आपला डीएनए नेमका कोणत्या टप्प्यात दुप्पट करते ते दाखवलं. जी-वन, एस, जी-टू, एम हे पेशीचक्राचे टप्पे शाळा-कॉलेजात शिकवतात, ती मांडणी बाकल्याच्या मुळांवर उभी आहे. १९५७ साली टेलर, वुड्स आणि ह्यूज यांनी गुणसूत्राचा जुना अर्धा भाग आणि नवा अर्धा भाग कसा वाटला जातो हेही बाकल्याच्या मुळांतच पाहिलं. २०२३ मध्ये संपूर्ण जनुकसंच 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. तो जवळपास १३ अब्ज अक्षरांचा निघाला. माणसाचा सुमारे तीन अब्जांचा आहे.

मग या झाडाचं मूळ कुठलं? इस्रायलमधल्या कार्मेल डोंगरात, अल-वाद इथे, सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीचे जळके दाणे सापडले आहेत. शेती सुरू होण्याआधीची माणसं ते रानातून वेचत असावीत. पण तो रानटी पूर्वज आज कुठेही जिवंत सापडलेला नाही. जवळच्या कोणत्याही जातीशी बाकल्याचा संकर होत नाही. गव्हाच्या पैदाशीत रोगप्रतिकार हवा असेल तर रानटी गवतांकडे जाता येतं, बाकल्याला ती सोय नाही. त्याचं सगळं वैविध्य शेतकऱ्यांच्या कणग्यांत, बियाणे-बँकांत आणि परसातल्या बरण्यांत आहे. यासाठीच मी घरच्या लावणीला छंदापेक्षा मोठं मानते. इंग्लंडमध्ये किरमिजी फुलांची एक जुनी जात बाजारातून नाहीशी झाली होती. केंट परगण्यातल्या एका बाईंनी घरात जपलेलं तिचं बी १९७८ मध्ये जुन्या वाणांच्या संग्रहाकडे दिलं, आणि आज ती जात पुन्हा घरोघरी लावली जाते. बँकांनाही संकट चुकत नाही. सीरियातल्या युद्धामुळे अलेप्पोजवळचं, बियाणे-बँक सांभाळणाऱ्या इकार्डा संस्थेचं काम उठलं, तेव्हा २०१५ मध्ये स्वालबार्डच्या बर्फाळ कोठारात ठेवलेलं आपलंच बी त्यांना परत मागवावं लागलं, आणि लेबनॉन-मोरोक्कोत नव्याने वाढवावं लागलं.

आता पोटातल्या दुसऱ्या गोष्टीकडे. बाकल्याच्या दाण्यात व्हायसिन आणि कॉनव्हायसिन ही द्रव्यं असतात. पचनात त्यांपासून असे पदार्थ बनतात, जे तांबड्या पेशींवर ऑक्सिडीकरणाचा मारा करतात. आपल्या पेशी जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराच्या बळावर तो मारा परतवतात. हे विकर जन्मतः कमी असेल तर पेशी फुटतात. ताज्या, विशेषतः कच्च्या शेंगा खाल्ल्यावर एक-दोन दिवसांत थकवा, कावीळ, चहाच्या रंगाची लघवी, आणि लहान मुलांत रक्त चढवण्याची वेळ. याला फॅविझम म्हणतात. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने मुलग्यांना धोका जास्त. विकर कमी असलेल्या प्रत्येकाला त्रास होतोच असं नाही, एकाच माणसाला दर वेळी होतो असंही नाही. म्हणून 'मागे खाल्ल्या होत्या, काही झालं नाही' हा भरवसा खोटा आहे. शिजवल्याने ही द्रव्यं कमी होतात, पूर्ण जात नाहीत.

जगात सुमारे ४० कोटी लोकांत हे विकर कमी आहे. इतकं घातक जनुक टिकलं ते मलेरियामुळे. असल्या तांबड्या पेशींत मलेरियाचा परजीवी नीट वाढत नाही. सार्डिनिया बेटावर सखल, मलेरियाग्रस्त गावांत हे जनुक जास्त आणि डोंगरावरच्या गावांत कमी, हे १९६१ मध्येच दाखवलं गेलं. नकाशा मलेरियाचा असल्याने आपण त्यातून सुटत नाही. भारतात या कमतरतेची नोंद १९६० च्या दशकातच मुंबईतून झाली आणि पारशी समाजात तिचं प्रमाण ठळक आहे. १९८४ मध्ये या विकराचा एक नवा प्रकार एका कोळी कुटुंबात सापडला, त्याला 'जी-सिक्स-पीडी कल्याण' असं नाव मिळालं. केरळच्या नावाने नोंदलेला प्रकारही तोच असल्याचं पुढे निघालं आणि जोडनाव झालं केरळ-कल्याण. भूमध्यसागरी, ओरिसा आणि केरळ-कल्याण हे भारतात सर्वाधिक आढळणारे तीन प्रकार आहेत. मलेरियावरचं प्रायमाक्विन, कुष्ठरोगावरचं डॅप्सोन आणि कपाटातल्या नॅप्थालिनच्या गोळ्या विकर कमी असलेल्या याच लोकांना बाधतात.

महाराष्ट्रात फॅविझम क्वचित दिसतो, कारण बाकला आपल्या ताटात नव्हता. विदेशी भाज्यांच्या दुकानांतून आणि बियांच्या पाकिटांतून तो आता येतो आहे. परदेशी राहणाऱ्या मराठी घरांत तर तो शेजाऱ्याच्या बागेतून टोपलीभर येतो. म्हणून माझं ठाम सांगणं आहे: बी पेरण्याआधी घरातल्यांची, निदान लहान मुलांची, जी-सिक्स-पीडी तपासणी करून घ्या. साधी रक्ततपासणी आहे. नवजात बाळाची कावीळ फार लांबली असेल, कुणाला एखाद्या औषधाने लाल लघवी झाली असेल, तर हे टाळूच नका. अंगावर पाजणाऱ्या आईनेही बाळाची तपासणी झाल्याशिवाय बाकला खाऊ नये. कमी व्हायसिनच्या जाती पैदासकारांकडे आहेत, त्यामागचं जनुक २०२१ मध्ये सापडलं. परसात लावायच्या बहुतेक जुन्या जाती मात्र जुन्याच घडणीच्या.

तपासणी निर्धोक निघाली तर महाराष्ट्रात लावायला हरकत नाही, पण जागा पाहून. पारा तिशीकडे गेला की बाकल्याची फुलं गळतात. त्यामुळे किनारपट्टीवर आणि मुंबईच्या गच्चीत माझा आग्रह नाही. नाशिक, जुन्नर, महाबळेश्वरसारख्या गारव्याच्या जागी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरावं, म्हणजे फुलोरा कडाक्याच्या थंडीत सापडतो. युरोपीय पाकिटांपेक्षा देशी वाण बरे. हिस्सारचा 'विक्रांत' आणि पाटण्याच्या केंद्राने काढलेले 'स्वर्ण गौरव', 'स्वर्ण सुरक्षा' हे आपल्या रब्बीसाठीच निवडलेले आहेत. कुंडी किमान फूटभर खोल हवी. पाणी साचू द्यायचं नाही, आणि फुलोऱ्यात माती सुकूही द्यायची नाही.

शेंग कधी काढायची ते दाण्यावरच्या पट्टीवरून कळतं. पट्टी हिरवी किंवा पांढरी आहे तोवर दाणा लोण्यासारखा. काळी पडली की साल जाड झाली, मग दाणे वाफवून साल काढावी. वाळलेल्या दाण्यांचं काय करायचं हे बिरडं करणाऱ्या घराला शिकवायला नको. भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे. इजिप्तमध्येही मोड आलेल्या बाकल्याचं सार करतात, त्याला फूल नाबेत म्हणतात. वालाच्या बिरड्याचं आलं-मिरचीचं वाटण आणि नारळाचं दूध याला तसंच चालतं, गूळ मात्र कमी लागतो, कारण कडव्या वालाचा कडूपणा यात नाही.

बियांसाठी सर्वांत निरोगी चार-पाच झाडांच्या खालच्या शेंगा राखाव्यात, काळ्या होऊन खुळखुळू लागेपर्यंत. भुंगे पराग इकडून तिकडे नेतात, म्हणून वाण शुद्ध हवा असेल तर एका परसात एकच लावावा. दाण्यात किडा असण्याची शक्यता असते, तेव्हा पुरते वाळलेले दाणे काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग बरणीत भरावेत. तीन-चार वर्षं ते उगवतात. बरणीवर वाणाचं नाव आणि साल लिहावं, त्याखाली 'जी-सिक्स-पीडी तपासून मगच खावे' अशी ओळ, म्हणजे बी ज्याच्या हाती जाईल त्याला ती वाचता येईल.