बरणी, मध आणि कलम ६५

वागळे इस्टेटच्या परिसरातील एखाद्या हौशी नवशिक्याला बरणी, मध आणि यीस्ट मिळवणे मुळीच अवघड नाही. मध वर्षानुवर्षे टिकतो, कारण त्यात पाणी जेमतेम १८ टक्के असते. इतक्या दाट साखरेत यीस्ट वाढू शकत नाही. त्यातच तीन-चार पट पाणी मिसळले, की यीस्ट साखरेपासून अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार करते. हेच 'मीड' नावाचे मद्य. संस्कृत 'मधु' आणि हा शब्द एकाच मुळाचे. बियर त्याहून किचकट. मोड आणून वाळवलेली बार्ली सुमारे ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवून आधी पिष्टाची साखर करावी लागते, मग हॉप्ससह उकळावे लागते. 'एल' प्रकारच्या बियरचे यीस्ट २० अंशांच्या आसपास उत्तम काम करते. ठाण्याचा उन्हाळा त्याला कसा मानवणार? शिवाय आंबणे संपण्याआधीच बाटली घट्ट बंद केली, तर वायूच्या दाबाने ती फुटू शकते.

खरी अडचण मात्र निराळीच आहे. १९४९च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्याच्या कलम ६५नुसार परवान्याविना मद्य बनवणे, ते बाटलीत भरणे, इतकेच नव्हे, तर त्यासाठी साहित्य बाळगणे हाही गुन्हा ठरतो. मद्यप्राशनाचा वैयक्तिक परवाना येथे कामाचा नाही. त्याने विकत घेण्याची, बाळगण्याची व पिण्याची मुभा मिळते, बनवण्याची नव्हे. पुण्याच्या मूनशाइन मीडरीने २०१८मध्ये मीड बाजारात आणले, तेही रीतसर परवाना मिळवूनच.