हॉकीपटूंना "मार्केट नाही" असं सांगणारी यादी नेमकी कोणाला विचारून बनते?



गेल्या रविवारची गोष्ट. माणिकपूरला आपली छोटी बॅच संपली आणि एक मुलगा मागे थांबला. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. वसई पश्चिमेला, अंबाडी रोडच्या आतल्या गल्लीत त्याने गाळा बघून ठेवलाय. स्पोर्ट्सच्या सामानाचं दुकान काढायचंय. चार लाख जमवलेत, त्यातले दीड लाख आईचे दागिने गहाण ठेवून आलेले. मोबाईल माझ्यापुढे धरून म्हणाला, "सर, हे बघा. देशातले सगळ्यात जास्त मार्केट असलेले खेळाडू. सर्व्हे आहे. वरचे जवळपास सगळे क्रिकेटवाले. हॉकीवाला शोधायला पार खाली जावं लागतं. म्हणजे हॉकी-बिकी काही ठेवायचंच नाही, सगळा पैसा क्रिकेटमध्ये. आणि ओपनिंगला एखादा क्रिकेटर आणू. एका एजंटशी बोललोय, ऐंशी हजार म्हणतोय."

मी एवढंच विचारलं, "हा सर्व्हे कोणाला विचारून केलाय?"

तो खाली खाली स्क्रोल करत राहिला. कुठेच लिहिलेलं नव्हतं.

परवाच्या व्हिडिओत मी हा विषय पाच मिनिटांत उरकला. पण कमेंट्स वाचून लक्षात आलं की खूप जण अशाच याद्या बघून माल भरतात, फ्लेक्स छापतात, फ्रँचायझी घेतात. म्हणून आज जरा बैजवार लिहितो. हॉकीचं उदाहरण मुद्दाम घेतलंय, कारण हॉकीपटूंच्या बाबतीत या याद्या कशा एकमेकींना खोटं पाडतात ते फार छान दिसतं.

२०२१ चं बघा. टोकियो ऑलिम्पिकमध्ये पुरुष हॉकीचं सुवर्ण बेल्जियमने जिंकलं. आपल्याला कांस्य मिळालं, ४१ वर्षांनंतर पदक म्हणून आपण सगळे नाचलो. आपल्या मुली चौथ्या आल्या. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाने वर्षातले सर्वोत्तम खेळाडू जाहीर केले. पुरुष आणि महिला मिळून आठ पुरस्कार. किती आपल्याकडे आले असतील? आठच्या आठ. हरमनप्रीत सिंग, गुरजित कौर, गोलकीपर श्रीजेश आणि सविता, उगवते खेळाडू विवेक प्रसाद आणि शर्मिला देवी, वर दोन्ही प्रशिक्षकसुद्धा भारतीय संघांचेच.

बेल्जियमच्या हॉकी संघटनेने उघड नाराजी व्यक्त केली. सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाला एकही पुरस्कार नाही, म्हणजे मतदानाची पद्धतच फसली, असं त्यांचं म्हणणं. आता पद्धत काय होती? निम्मं वजन वेगवेगळ्या देशांच्या हॉकी संघटनांच्या मतांना, पाव वजन पत्रकारांना आणि पाव वजन चाहते आणि खेळाडूंना. आपले खेळाडू त्या वर्षी चांगलेच खेळले, मला त्यांचं काही कमी करायचं नाहीये. पण तुम्ही धंदेवाईक डोळ्याने बघा. ज्या देशात चाहते जास्त, मोबाईल जास्त आणि मत द्यायचा उत्साह जास्त, त्याचं पारडं त्या पाव भागात जड होणारच. यादी खोटी नव्हती. कोणी मत दिलं त्याचा तो हिशेब होता.

त्याच्या आधीचं उदाहरण राणी रामपालचं. हरियाणातल्या शाहाबादची मुलगी, वडील गाडा ओढायचे, पुढे ती भारताची कर्णधार झाली. जानेवारी २०२० मध्ये 'वर्ल्ड गेम्स अॅथलीट ऑफ द इयर' या किताबासाठी जगभरातून ऑनलाइन मतदान झालं. राणी पहिली आली, १,९९,४७७ मतं घेऊन. दोन वर्षांनी, जानेवारी २०२२ मध्ये, तोच किताब श्रीजेशला. त्याला १,२७,६४७ मतं, दुसऱ्या क्रमांकाच्या जवळपास दुप्पट.

आता मला सांगा, सव्वा लाखापासून दोन लाखांपर्यंत मतं ज्याला मिळतात, त्याचा चेहरा घेऊन कंपन्यांची रांग लागायला हवी की नको? तुमच्या घरातल्या फ्रिजपासून तेलाच्या डब्यापर्यंत सगळ्या जाहिराती आठवा. राणी किती दिसली? श्रीजेश किती दिसला?

म्हणजे मत देणं वेगळं आणि त्या माणसाच्या नावावर खिशातून पैसे काढणं वेगळं. मत फुकट असतं. घरी बसून बोट दाबायचं, झालं. देशाचा माणूस पुढे जावा म्हणून आपण दहा जणांना लिंक पाठवतो. तोच माणूस दुसऱ्या दिवशी दुकानात तीन हजारांची हॉकी स्टिक घ्यायला येईल असं नाही.

मग तुम्ही म्हणाल, ठीक आहे सर, मतांच्या याद्या सोडा, पैशाच्या याद्या तरी खऱ्या ना? त्याही बघू.

आपल्याकडे सेलिब्रिटींच्या ब्रँड मूल्याची सगळ्यात जास्त छापून येणारी यादी क्रोल या कंपनीची. २०२२ च्या यादीत रणवीर सिंग पहिला, विराट कोहली दुसरा. २०२३ मध्ये कोहली पुन्हा पहिला, सुमारे २२.८ कोटी डॉलर. आकडा बघून छाती दडपते. पण तो निघतो कसा? त्या माणसाच्या हातात सध्या कोणकोणत्या जाहिराती आहेत आणि सोशल मीडियावर त्याचा पसारा किती, यावरून. कंपनी हे लपवत नाही. आपणच वाचत नाही.

इथे गंमत लक्षात घ्या. ज्याच्याकडे जाहिराती आहेत त्याचं मूल्य जास्त. मूल्य जास्त म्हणून यादीत वर. यादीत वर म्हणून पुढची जाहिरात त्यालाच. हॉकीपटूकडे जाहिराती नाहीत, म्हणून तो यादीत नाही, आणि यादीत नाही म्हणून जाहिरात नाही. गोल फिरतंय सगळं. ही यादी "कोण विकू शकतो" याचं उत्तर देत नाही. "आजवर कोणाला घेतलं गेलं" याचं देते. मोठ्या कंपनीला तेवढं पुरतं, कारण तिला सुरक्षित नाव हवं असतं. तुमचा प्रश्न वेगळा आहे.

तिसऱ्या प्रकारची यादी म्हणजे जाणकारांची. लंडनच्या स्पोर्ट्सप्रो मासिकाने २०१६ मध्ये जगातल्या सगळ्यात मार्केटेबल ५० खेळाडूंची यादी काढली, त्यात कोहली तिसरा होता, नोवाक जोकोविचच्याही पुढे. निकष काय? वय, पैशाच्या मानाने मिळणारा फायदा, स्वतःच्या देशातला बाजार, व्यक्तिमत्त्व, जाहिराती करायची तयारी वगैरे, आणि तेही पुढच्या तीन वर्षांचा अंदाज बांधून. चांगले निकष आहेत. पण शेवटी एका टेबलाभोवती बसलेल्या माणसांचा तो अंदाज.

आणि जागा बदलली की सगळंच बदलतं. बर्फावरच्या हॉकीतला सिडनी क्रॉस्बी घ्या. कॅनडात टिम हॉर्टन्सची कॉफी विकायला त्याचा चेहरा चालतो. त्याचा फ्लेक्स पारनाक्यावर लावला तर लोक विचारतील, नवीन उमेदवार आहे का? उलट बाजूने ओडिशा बघा. २०१८ मध्ये ओडिशा सरकारने भारतीय हॉकी संघांचं प्रायोजकत्व घेतलं, तेव्हा पुष्कळांनी भुवया उंचावल्या. पण तिथला सुंदरगड जिल्हा म्हणजे हॉकीची खाण. माजी कर्णधार दिलीप तिर्की तिथलाच. २०१८ आणि २०२३ असे लागोपाठ दोन पुरुष विश्वचषक ओडिशात झाले, राउरकेल्यात वीस हजारांवर प्रेक्षक बसतील असं स्टेडियम उभं राहिलं. देशभराच्या यादीत जे नाव तळाला, ते एका जिल्ह्यात पहिलं असू शकतं. देशाच्या सरासरीत सुंदरगड दिसत नाही. आणि मित्रांनो, वसईही दिसत नाही.

प्रश्न कसा विचारला यावरही उत्तर फिरतं. घरी करून बघा. आईला किंवा काकांना विचारा, "हॉकीतलं एक नाव सांगा." बहुतेक घरांत उत्तर येईल धनराज पिल्ले. आपला खडकीचा, चार ऑलिम्पिक आणि चार विश्वचषक खेळलेला धनराज. त्याला निवृत्त होऊन वीस वर्षं उलटली. नंतर आजच्या संघातली पाच नावं वाचून दाखवा आणि विचारा, "यातलं कोण ओळखीचं वाटतं?" आता हरमनप्रीत वर येईल. माणसं तीच, विषय तोच, उत्तर वेगळं. नाव न सुचवता विचारलं तर जुनी आठवण बोलते, यादी दाखवून विचारलं तर ओळख बोलते. आणि "याच्या नावाची बॅट किंवा स्टिक घ्याल का?" असं तिसऱ्यांदा विचारलंत, तर काका म्हणतील, "आधी किंमत सांग."

यादी किती लवकर शिळी होते, तेही आपल्या जवळचंच उदाहरण. विरारचा पृथ्वी शॉ. नोव्हेंबर २०१३ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात ५४६ धावा, २०१८ मध्ये राजकोटला पदार्पणाच्या कसोटीत शतक. त्या आठवड्यात त्याचं अभिनंदन करून स्वतःची जाहिरात साधणाऱ्या बड्या कंपन्यांना त्याच्या व्यवस्थापकांनी कायदेशीर नोटिसा धाडल्या होत्या, एवढी त्याच्या नावाला किंमत. नोव्हेंबर २०२४ च्या आयपीएल लिलावात मात्र त्याला कोणी घेतलं नाही. पोरगा अजून तरुण आहे, पुन्हा उठेल, उठावा. पण २०१८ ची यादी बघून कोणी त्याच्या नावाचे पाचशे टी-शर्ट छापले असते, तर ते पोटमाळ्यावर पडून राहिले असते.

नोटिशीवरून आठवलं. खेळाडूचा फोटो नेटवरून उचलून दुकानाच्या बोर्डावर, व्हिझिटिंग कार्डावर लावू नका. टोकियोनंतर पी. व्ही. सिंधूच्या बाबतीतही असंच झालं होतं, अभिनंदनाच्या पोस्टमध्ये आपला लोगो चिकटवणारे ब्रँड अडचणीत आले. आपण छोटे, आपल्याला कोण विचारतंय, असं म्हणत बरेच जण लावतात. ज्या दिवशी कोणी विचारेल त्या दिवशी वकिलाची फी दुकानाच्या भाड्याहून जास्त निघेल.

असो. त्या मुलाकडे परत येतो.

मी त्याला हॉकी ठेव असं सांगितलं नाही. क्रिकेट ठेवू नको असंही नाही. देशातल्या खेळांवर होणाऱ्या खर्चाचा फार मोठा वाटा क्रिकेट खातं, हे उघड आहे, आणि पालघरचा शार्दुल ठाकूर ज्या लोकल ट्रेनने किट घेऊन मुंबईला जायचा त्याच लाईनवर आपण राहतो. इथे बॅट-बॉल विकणारच. पण जे सगळ्यांना माहीत आहे ते सगळेच विकतात. अंबाडी रोडपासून स्टेशनपर्यंत बॅट ठेवणारी दुकानं त्याने स्वतः मोजली होती का? नव्हती. ऑनलाइन त्याच बॅटची किंमत काय? माहीत नव्हतं. धोबीतलावच्या होलसेलवाल्याकडून माल घेऊन ऑनलाइनच्या भावाशी भांडायचं, तर मार्जिन राहतं किती?

मग आम्ही दोघांनी तिथेच बॅचच्या फळ्यावर लिहायला घेतलं. वसई पश्चिमेच्या कोणत्या शाळांत कोणता खेळ शिकवतात. त्या शाळांच्या पीटी शिक्षकांनी गेल्या वर्षी काय घेतलं, किती नग, कोणाकडून, पैसे किती दिवसांनी दिले. (हा शेवटचा प्रश्न विसरू नका. शाळांची उधारी भल्याभल्यांचा गल्ला रिकामा करते.) टर्फवाल्यांकडे संध्याकाळी कोण खेळतं, बूट फाटले की कुठे जातं. डिसेंबरअखेरीस चिमाजी आप्पा मैदानावर कला-क्रीडा महोत्सव भरतो, तेव्हा कोणत्या खेळांच्या संघांना जर्सी लागतात आणि त्या छापायला ते कुठे जातात.

"काय घ्याल?" असं विचारायचंच नाही, हे मी त्याला तीनदा बजावलं. "शेवटचं काय घेतलं, कधी, कितीला?" हे विचारायचं. पुढचं सांगताना माणूस गोड बोलतो, समोरच्या पोराला नाराज कशाला करायचं म्हणून. मागचं सांगताना बिल आठवतो. शक्य झालं तर बिलच बघायचं.

दहा जणांना विचारून झालं की दोन हजारांचा नमुन्याचा माल आणायचा आणि आगाऊ पैसे कोण देतं ते बघायचं. एखाद्या शाळेत हॉकी चालत असेल आणि त्या शिक्षकाला स्टिकसाठी दरवर्षी मुंबई गाठावी लागत असेल, तर आपल्याला जालंधरहून पंधरा स्टिक मागवता येतात. पंधराच. त्याला कुठल्याही सर्व्हेचा आधार लागत नाही, शिक्षकाची ऑर्डर लागते. हॉकी चालत नसेल तर ती एका फेरीत कळेल आणि आपला रिक्षाचा खर्च तेवढा जाईल.

राहिला ऐंशी हजारांचा क्रिकेटर. त्याने मला विचारलं, "सर, पण गर्दी तर होईल ना?" होईल. सेल्फी काढून जाईल. मी त्याला म्हटलं, त्या ऐंशी हजारांत तुझ्या गाळ्याचं किती महिन्यांचं भाडं बसतं ते सांग. त्याने मोबाईलवर हिशेब केला. साडेचार महिने.

तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होता. मग एजंटला फोन लावला आणि म्हणाला, पंधरा दिवस थांबा, नंतर सांगतो. नाही म्हणाला नाही. पहिल्या धंद्याचं आकर्षण असतं, मी समजू शकतो.

या आठवड्यात तो पाच शाळा आणि दोन टर्फ फिरणार आहे, वही घेऊन. त्याची परवानगी घेतलीये, वहीत काय निघालं ते पुढच्या व्हिडिओत दाखवतो, हॉकी निघाली तरी आणि नाही निघाली तरी. तुम्ही नालासोपारा, विरार, आगाशी, पालघर, जिथे असाल तिथल्या एका पीटी शिक्षकाला हाच प्रश्न विचारा, गेल्या वर्षी शेवटचं काय घेतलं, आणि उत्तर कमेंटमध्ये टाका.