गोधडीचं अस्तर आणि डोळ्याची काच

बालमित्रांनो, तुमच्यापैकी जे कडा, आष्टी, धानोरा या भागात राहतात त्यांना हे दृश्य नवं नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी, पत्र्याची पेटी, एखादी शेळी आणि त्या सगळ्यावर बसलेली लहान भावंडं. मग चार-पाच महिने फड, कोपी आणि कोयता.

उसाचं पान तुम्ही कधी हातात धरलंय? त्याच्या दोन्ही कडांना जणू बारीक करवत असते. वाकून ऊस तोडताना असं एखादं पान सपकन डोळ्यावर बसतं. त्या वेळी कुणी फारसं मनावर घेत नाही. डोळा चोळायचा, पदराच्या बोळ्यावर गरम फुंकर मारून शेकायचा आणि पुढची मोळी बांधायला घ्यायची. चार-आठ दिवसांत डोळा लालभडक होतो, पाणी थांबत नाही. पुढं काळ्या भागावर पांढरा डाग दिसू लागतो. म्हातारी माणसं म्हणतात, "डोळ्यात फूल पडलं."

फूल! इतक्या वाईट गोष्टीला इतकं सुंदर नाव कुणी दिलं, देव जाणे.

हे फूल पडतं कुठं? आपल्या डोळ्यात समोर जो काळा-तपकिरी गोल दिसतो ना, त्याच्यापुढं घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्याला पारपटल म्हणतात. तुमच्या वहीची पाच-सहा पानं एकत्र धरा. मध्यभागी तो साधारण तेवढाच जाड. त्यात रक्तवाहिनी एकही नाही. असती, तर आपल्याला जग लाल जाळीतूनच दिसलं असतं! त्याला लागणारा प्राणवायू मुख्यतः हवेतून, अश्रूंत विरघळून मिळतो.

आता घरातली गोधडी डोळ्यांपुढं आणा. वर एक कापड, मध्ये जुन्या लुगड्यांचे थर आणि खाली अस्तर. पारपटलही तसंच आहे. वर पेशींचा पातळ पापुद्रा. तो खरचटला तर बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप भरून येतो. मध्ये जाड थर. पारपटलाचा सुमारे नव्वद टक्के भाग हाच. आणि सगळ्यांत आत, अस्तरासारखी, सहाकोनी पेशींची एकच रांग. या पेशी पारपटलात झिरपणारं पाणी सतत बाहेर उपसत असतात, म्हणून ती काच स्वच्छ राहते. पण माणसात त्या मेल्या की त्यांच्या जागी नव्या येत नाहीत. फार कमी झाल्या की उपसा थांबतो, पारपटल सुजतं आणि काच धुरकट होते.

गोधडीचं फक्त वरचं कापड विरलं तर तुमची आजी काय करते? अख्खी गोधडी उकिरड्यावर टाकत नाही, वरचं कापड बदलते. अस्तर फाटलं तर अस्तर. डोळ्याच्या डॉक्टरांनीही हेच करायचं ठरवलं. अख्खं पारपटल न बदलता नेमका बिघडलेला थर तेवढा बदलायचा! या शस्त्रक्रियेला ते लॅमेलर केरॅटोप्लास्टी म्हणतात.

कल्पना तशी जुनी आहे. जर्मनीतल्या फॉन हिपेल नावाच्या डॉक्टरांनी १८८६ च्या सुमारास माणसाच्या पारपटलाचे वरचे थर काढून तिथं चक्क सशाचं पारपटल बसवलं होतं. पण पहिलं टिकलेलं मानवी पारपटलरोपण झालं ते ७ डिसेंबर १९०५ ला, आजच्या चेक देशातल्या ओलोमोउत्स गावी. डॉक्टर एडुआर्ड झिर्म. रुग्ण आलोइस ग्लोगार, एक साधा मजूर. चुन्यानं त्याचे दोन्ही डोळे जळाले होते. पारपटल मिळालं अकरा वर्षांच्या एका मुलाचं. लोखंडाचा तुकडा घुसल्यामुळं त्याचा डोळा काढावाच लागला होता. ग्लोगारच्या उजव्या डोळ्यातलं रोपण वाया गेलं. डाव्या डोळ्यातलं टिकलं आणि तो पुन्हा कामावर गेला.

चुना म्हटल्यावर थांबायला हवं. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी किंवा डबी दाबून पाहायची खोड तुमच्यापैकी किती जणांना आहे? ती फुटून चुना थेट डोळ्यात उडतो. आपल्या देशात मुलांचे डोळे असे गेले आहेत. चुना पारपटलाच्या काठावरच्या, नव्या पेशी तयार करणाऱ्या 'बियाण्याच्या' पेशीही जाळतो. मग नुसता थर बदलून भागत नाही. चुना गेलाच, तर त्याच क्षणी डोळा उघडा धरून स्वच्छ पाण्याची धार निदान अर्धा तास, पापण्यांच्या आतूनही, आणि मग तडक दवाखाना. तूप नाही, मध नाही, आईचं दूधही नाही. उसाच्या पानाचं थोडं वेगळं आहे. त्या जखमेत बुरशी शिरू शकते. औषधाच्या दुकानातून लाली घालवणारे थेंब आणून घातले आणि त्यांत स्टिरॉइड असलं, तर बुरशीला रान मोकळं. पालकांनो, हे वाक्य तुमच्यासाठी.

झिर्म यांनी पारपटल पूर्ण जाडीचं बदललं होतं आणि पुढं अनेक दशकं तीच पद्धत चालली. कारण हातानं थर सोलले की दोन खरखरीत पृष्ठभाग एकमेकांवर बसायचे आणि नजर धूसर राहायची. यावर उपाय निघाला तो हवेचा! बारीक सुईनं पारपटलाच्या आत हवा सोडायची. मोठा बुडबुडा होतो आणि वरचे थर खालच्या पडद्यापासून अलगद सुटतात. डॉक्टर अन्वर आणि टाइशमान यांनी २००२ मध्ये ही रीत मांडली. मोठा फायदा असा, की अस्तर रुग्णाचं स्वतःचंच राहतं. शरीर परकं म्हणून ज्यावर जास्त करून हल्ला चढवतं ते अस्तरच असतं, त्यामुळं तो धोका टळतो. अर्थात डाग थेट अस्तरापर्यंत पोचला असेल किंवा डोळ्याला भोक पडायची वेळ आली असेल, तर बहुधा अख्खं पारपटलच बदलावं लागतं.

अस्तर बदलायची तऱ्हा आणखी गमतीची. नेदरलँड्सच्या डॉक्टर मेलेस यांनी १९९८ पासून ती विकसित केली. हे नवं अस्तर इतकं पातळ, की वहीच्या एका पानाचे सहा-सात पापुद्रे काढता आले तर त्यातला एक समजा. काढलं की ते आपोआप सुरळी होऊन बसतं. दिसावं म्हणून त्याला निळा रंग देतात, छोट्या छेदातून आत सोडतात, उलगडतात आणि खालून हवेचा किंवा वायूचा बुडबुडा सोडतात. बुडबुडा वर जातो आणि अस्तराला पारपटलाशी दाबून धरतो. म्हणून रुग्णानं काय करायचं? आढ्याकडं बघत उताणं पडून राहायचं! काही दिवसांनी बुडबुडा विरतो.

हे थर येतात मात्र कुणाच्या तरी मरणानंतरच. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीची माणसं पोचली पाहिजेत. तोवर पंखा बंद, पापण्या मिटलेल्या, त्यांवर ओला कापूस आणि डोक्याखाली उशी. चष्मा असो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असो, बहुधा चालतं. चेहरा विद्रूप होत नाही. आणि थर वेगळे करता येत असल्यामुळं एकाच पारपटलाचा वरचा भाग एकाला आणि अस्तर दुसऱ्याला देता येतं. महाराष्ट्रात १० जून हा डॉ. भालचंद्र यांच्या स्मरणार्थ दृष्टिदान दिन पाळतात. त्या दिवशी घरात हा विषय काढून बघा. आजी रागावेल कदाचित, पण ऐकेल.

आता कड्याचा खरा प्रश्न. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. एकाच्या डोळ्याला पट्टी म्हणजे कोयता मोडला, उचल अंगावर. म्हणूनच माणूस दुखणं अंगावर काढतो. वरचे थर बदलले की केसाहून बारीक टाके डोळ्यात बरेचदा वर्षभर राहतात आणि तपासणीच्या खेपा चुकवून चालत नाहीत. २३ सप्टेंबर २०२२ पासून कड्याहून नगरला (आताच्या अहिल्यानगरला) रेल्वेनं जाता येतं, एवढी सोय झाली. टोळ्या परतल्यावर, चैत्र-वैशाखात शस्त्रक्रिया करता आली तर पुढच्या दसऱ्यापर्यंत पाच-सहा महिने हाती लागतात. टाके तेव्हाही डोळ्यात असतीलच. म्हणून त्या वर्षी फडात जायचं की नाही, ते आधी डॉक्टरांना विचारायचं. आणि जायचं ठरलंच, तर बाजारातून कडेनं बंद असणारा जाड गॉगल आणायचा. पान सपकन यायला दरवर्षीसारखंच येणार.