विश्लेषण : दहावीत गेला तरी मिसरूड फुटले नाही... मुलगा खरेच ‘मागे’ पडलाय का?

नववी-दहावीतल्या मुलाने फोन उचलावा आणि समोरच्याने ‘ताई, जरा आईला दे ना’ म्हणावे, हे त्या मुलाला किती लागते ते फोन करणाऱ्याला कळतही नाही. वर्गातल्या निम्म्या मुलांचे आवाज फुटलेले असतात, दोन-चार जणांनी गुपचूप वडिलांचे रेझर वापरून पाहिलेले असते आणि एखादा मात्र अजून सातवीतलाच दिसतो. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या कोणत्याही क्लासच्या बॅचमध्ये किंवा सोसायटीच्या टर्फवर असा एक तरी मुलगा असतोच. तो घरी काही विचारत नाही. मोबाइलवर शोधतो. तिथे उत्तराच्या आधी त्याला जाहिरात सापडते.

मुलींच्या बाबतीत निदान पाळी हा एक ठळक टप्पा असतो, त्यावर आई बोलते, शाळेत एखादे सत्र होते. मुलांसाठी असे काहीच नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचक शरीराविषयीचे प्रश्न थेट विचारत आणि त्यांना थेट उत्तरे मिळत. त्यासाठी कर्वे यांच्यावर खटले झाले. शंभर वर्षे होत आली तरी मराठी घरात मुलाशी या विषयावर बोलणे तितकेच अवघड आहे.

उशीर म्हणजे नेमका किती?

मुलगा वयात येण्याची सुरुवात ९ ते १४ या वयात कधीही होऊ शकते. म्हणजे एकाच वर्गातल्या दोन निरोगी मुलांत चार-पाच वर्षांचे अंतर असू शकते. डॉक्टर उशिराची रेषा आखतात ती १४ वर्षे पूर्ण झाल्यावर. तोवर सुरुवातीची कोणतीच खूण नसेल तर तपासणी करावी, असा संकेत आहे. ही रेषा संख्याशास्त्रातून आलेली आहे. शंभर मुलांत साधारण दोन मुले तिच्या पलीकडे असतातच आणि त्यातली बहुतेक निरोगी असतात.

पण सुरुवातीची खूण कोणती, इथेच बहुतेक घरांत गफलत होते. मिसरूड ही पहिली खूण नव्हे, ती जवळजवळ शेवटची. सर्वात आधी वृषणांचा आकार वाढतो, मग जांघेतले केस, लिंगाची वाढ, त्यानंतर उंचीची उडी, आवाज फुटणे आणि मग ओठांवरची लव. दाढी तर आणखी उशिरा. त्यामुळे ‘मिसरूड नाही’ म्हणून काळजीत पडलेला मुलगा प्रत्यक्षात दोन वर्षांपूर्वीच वयात यायला लागलेला असू शकतो. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जेम्स टॅनर यांनी या वाढीचे पाच टप्पे मांडले. आजही जगभरचे डॉक्टर तेच वापरतात.

उंचीचा आकडा की वाढीचा वेग?

अकरावी-बारावीचे भौतिकशास्त्र आठवा. गाडी आत्ता कुठे आहे आणि ती किती वेगाने चालली आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मुलाच्या उंचीचेही तसेच. आज १४८ सेंटीमीटर, या आकड्यावरून फारसे काही कळत नाही. गेल्या वर्षभरात तो किती वाढला, यावरून बरेच कळते.

वयात येण्याआधी मुले वर्षाला साधारण ४ ते ६ सेंटीमीटर वाढतात. वयात येताना हा वेग वाढतो आणि ऐन उडीच्या काळात वर्षाला ९-१० सेंटीमीटरपर्यंत जातो. मुलांमध्ये हा काळ सरासरी साडेतेरा-चौदाच्या आसपास येतो, मुलींमध्ये त्याच्या सुमारे दोन वर्षे आधी. सातवी-आठवीच्या वर्गात मुली उंच दिसतात त्या यामुळेच. गंमत अशी, की उडीच्या आधी वेग थोडा मंदावतो. उशिरा वयात येणाऱ्या मुलात हा मंद काळ लांबतो आणि नेमक्या त्याच वेळी वर्गातले बाकीचे धावत सुटलेले असतात. मुलगा थांबलेला नसतो, पण शेजारची गाडी सुटली की आपली मागे जातेय असे वाटते तसे होते.

वेग पाहायचा तर मोजमाप नीट हवे. बूट-चप्पल काढून, टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून, डोक्यावर सपाट पुस्तक ठेवून, आणि शक्यतो सकाळीच. दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळी उंची सुमारे एक सेंटीमीटरने कमी भरू शकते. दर आठवड्याला मोजणाऱ्या मुलाला (असे अनेक असतात) या चढउतारातच निम्मा ताप होतो. सहा महिन्यांनी एकदा मोजले तरी पुरे.

हे आकडे कशाशी ताडायचे, तर भारतीय तक्त्यांशी. इंडियन अॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१५ मध्ये ५ ते १८ वयोगटासाठी सुधारित वाढीचे तक्ते प्रसिद्ध केले. त्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर यांचा पुढाकार होता. मुंबई, पुण्यासह देशातल्या १४ शहरांमधील ३३ हजारांहून अधिक मुला-मुलींची मोजमापे त्यात वापरली आहेत. परदेशी तक्त्यावर आपला मुलगा ‘खाली’ दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. बालरोगतज्ज्ञांकडे हा भारतीय तक्ता असतो.

आणखी एक साधे गणित. वडिलांची आणि आईची उंची सेंटीमीटरमध्ये घ्या, बेरीज करा, त्यात १३ मिळवा, दोनने भागा. वडील १६८ आणि आई १५५ असेल तर उत्तर १६८ येते. त्यापेक्षा साधारण आठ सेंटीमीटर कमी-जास्त या पट्ट्यात मुलाची अंतिम उंची असण्याची शक्यता जास्त. १६५ सेंटीमीटरच्या वडिलांचा मुलगा सहा फुटी झाला नाही, तर तो आजार नव्हे.

हाडांचे वय वेगळे असते?

हो, आणि या विषयातली सर्वात दिलासा देणारी गोष्ट हीच आहे. डाव्या हाताच्या पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय सांगता येते. हाडांच्या टोकांशी कूर्चेची एक पट्टी असते, तिथे नवे हाड तयार होते. ती पट्टी मिटली की उंची थांबते. एखाद्या मुलाचे वय १५, पण हाडांचे वय साडेबारा निघाले, तर त्याच्या शरीराच्या घड्याळात साडेबाराच वाजले आहेत. त्याची उडी अजून बाकी आहे आणि तो मित्रांनंतरही, १८-१९ पर्यंत वाढत राहू शकतो. अशा मुलांची अंतिम उंची बहुधा आई-वडिलांवरून काढलेल्या पट्ट्यातच येते, काहींची किंचित कमी राहते. वैद्यकीय भाषेत हा प्रकृतीचाच भाग असलेला उशीर. मुलांमधल्या उशिराचे हेच सर्वात मोठे कारण असून घरात वडील, काका किंवा मामा असेच उशिरा वाढल्याचा इतिहास बरेचदा सापडतो.

क्रिकेट खेळणाऱ्या मुलांच्या पालकांना हा एक्स-रे ओळखीचा असेल. १६ वर्षांखालील मुलांच्या स्पर्धांसाठी बीसीसीआय याच पद्धतीने हाडांचे वय तपासते, वयचोरी पकडण्यासाठी. उशिरा वयात येणारा मुलगा या चाचणीत आरामात पास होतो. पण समोरून त्याच्याच वयाचा, मिशी फुटलेला गोलंदाज धावत येतो त्याचे काय, याचे उत्तर कोणत्याही चाचणीत नाही.

जिममधला ‘कोर्स’ का घातक?

इथे जरा थांबायला हवे, कारण खरा धोका उशिरात नाही, घाईत आहे. मोठे दिसायचे म्हणून काही मुले जिममध्ये कोणाच्या तरी सांगण्यावरून स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शन घेतात. ही औषधे म्हणजे टेस्टोस्टेरॉन किंवा त्याचेच भाऊबंद. शरीर त्यातल्या अनेकांचे रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करते आणि मुलांमध्येही हाडांची ती पट्टी मिटवण्याचे काम इस्ट्रोजेनच करते. हे १९९४ मध्ये एका अमेरिकी रुग्णामुळे स्पष्ट झाले. इस्ट्रोजेनचा संदेश शरीराला वाचताच येत नसलेला हा पुरुष २८ वर्षांचा होता, उंची २०४ सेंटीमीटर, हाडांचे वय १५ आणि तो अजून वाढतच होता.

उलट बाजूने पाहा. बाहेरून भरपूर टेस्टोस्टेरॉन घेतले की दंड भरतात, आवाज जाड होतो आणि पट्टी वेळेआधी मिटते. उंच दिसण्यासाठी घेतलेले औषध उंचीच कापते. शिवाय बाहेरून मिळतेय म्हटल्यावर मेंदू वृषणांना संदेश पाठवणे थांबवतो आणि ते आक्रसतात.

पावडर आणि ‘१५ दिवसांत उंची वाढवा’चे काय? औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ सालचा आहे. ज्या तक्रारींवर औषध असल्याची जाहिरात करता येत नाही, त्यांच्या यादीत माणसाची उंची स्पष्टपणे आहे. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तरीही लोकलच्या डब्यातली पत्रके आणि मोबाइलवरची रील्स चालूच आहेत. एक पळवाटही आहे. शरीराच्या रचनेवर परिणाम करणाऱ्या वस्तूंना हा कायदा औषध मानतो, पण खाद्यपदार्थ त्यातून वगळतो. पावडरच्या डब्यावर ‘फूड सप्लिमेंट’ का लिहिलेले असते, ते यावरून समजावे.

लिओनेल मेस्सीला लहानपणी इंजेक्शने दिली होती, मग माझ्या मुलाला का नको, असेही काही पालक विचारतात. मेस्सीमध्ये वाढीच्या संप्रेरकाचीच कमतरता निदान झाली होती. तो वेगळा आजार आहे. निव्वळ उशिरा वयात येणाऱ्या मुलाला ते इंजेक्शन लागत नाही.

मग खरी काळजी कधी?

१४ पूर्ण होऊनही वृषणांची वाढ नाही. वर्षाला ४ सेंटीमीटरपेक्षा कमी वाढ. सुरुवात झाली, पण पुढे काहीच सरकत नाही. सतत डोकेदुखी, नजर कमी होणे. वृषण खाली उतरलेले नसणे. आणि एक विचित्र वाटणारी खूण, ती म्हणजे वासच न येणे. मेंदूतून वयात येण्याचा संदेश न निघणाऱ्या कालमन सिंड्रोममध्ये घ्राणेंद्रियही काम करत नाही. यातले काहीही असेल तर थांबू नये. थायरॉइड, गव्हाची अॅलर्जी म्हणून ओळखला जाणारा सिलिअॅक आजार, दीर्घकाळ चाललेला कोणताही आजार यांमुळेही वाढ रखडते.

आपल्या भागात दोन गोष्टी जास्त लक्षात ठेवायला हव्यात. कल्याणला लागून असलेल्या उल्हासनगरात फाळणीनंतर वसलेला सिंधी समाज मोठा आहे आणि या समाजात थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण जास्त आढळते. वाहकाला स्वतःला त्रास नसतो. पण थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाला वारंवार रक्त द्यावे लागते, त्यातले लोह पिट्युटरी ग्रंथीत साठते आणि वयात येणे रखडते. लोह काढणारी औषधे नियमित घेणे त्यासाठीही महत्त्वाचे. दुसरी गोष्ट शहापूर-मुरबाडच्या आदिवासी पाड्यांची. तिथे मुलगा लहानखुरा राहिला तर आधी ताटात काय पडते ते पाहावे लागते. पोटभर अन्न नसेल तर शरीर वयात येणे लांबणीवर टाकते. शाळा-अंगणवाड्यांत तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याची पथके १८ वर्षांपर्यंतची मुले तपासतात.

याउलट स्थूल मुलांच्या पालकांची एक तक्रार बहुतेक वेळा निराधार असते. ओटीपोटावरच्या चरबीत लिंग दबलेले असते, ते लहान नसते. वयात येताना छातीला किंचित गाठ किंवा फुगवटा येणेही अनेक मुलांमध्ये होते आणि एक-दोन वर्षांत बहुधा आपोआप जाते. त्यासाठी टी-शर्ट न काढणारी, पोहायला जाणे सोडणारी मुले आहेत. त्यांना हे कोणीतरी सांगायला हवे.

डॉक्टर नेमके काय करतात?

भीती असते ती तपासणीचीच. डॉक्टरांकडे लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या १२ लंबगोल मण्यांची एक माळ असते, १ ते २५ मिलिलीटर आकाराची. स्विस डॉक्टर आंद्रेया प्रॅडर यांनी ती १९६० च्या दशकात रूढ केली. वृषण चार मिलिलीटरच्या मण्याएवढे झाले असतील, तर वयात येणे सुरू झाले, इतके सोपे. मिनिटभराचे काम. मग हाताचा एक्स-रे आणि गरज वाटली तर सकाळच्या वेळी रक्ततपासणी. बहुतेकांना ‘सहा महिन्यांनी या’ एवढेच सांगितले जाते. मुलगा फारच खचला असेल, तर काही महिने अगदी कमी मात्रेत टेस्टोस्टेरॉन देऊन शरीराच्या घड्याळाला चावी देता येते. जिममधला कोर्स आणि हे उपचार यांत मात्रेचा आणि देखरेखीचा फरक आहे.

सुरुवात जवळच्या बालरोगतज्ज्ञांपासून करावी. महापालिकांच्या रुग्णालयांत कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. पुढे गरज लागली तर परळला वाडिया बाल रुग्णालय आणि केईएममध्ये संप्रेरकतज्ज्ञांचे विभाग आहेत. ओपीडीचा वार आधी फोन करून विचारावा. सरकारी रुग्णालयांतली ‘मैत्री’ केंद्रे १० ते १९ वयाच्या मुला-मुलींसाठीच आहेत. मन फार खचले असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

जाताना सोबत न्यावे : शाळेच्या आरोग्य तपासणीतले जुने उंची-वजनाचे आकडे, दाराच्या चौकटीवर पेन्सिलने केलेल्या खुणा असतील तर त्यांचा फोटो, आई-वडिलांची मोजलेली उंची. ‘तुम्ही किती साली उंच झालात’ याचे उत्तर वडिलांना आठवत नसेल, तर त्यांचा दहावीचा ग्रुप फोटो शोधावा. ते त्यात पुढच्या रांगेत, मांडी घालून बसलेले असतील, तर डॉक्टरांचे बरेच काम तिथेच होते.