झाड, तार आणि गेलेली लाईट

वळवाचे चार थेंब पडले की लाईट जाते आणि आपण वायरमनच्या नावाने बोटं मोडतो. आज जरा वर, तारांकडे बघूया.

खांबांवरच्या आपल्या बहुतेक तारा उघड्या असतात, त्यांना आवरण नसतं. ओली फांदी 11 हजार व्होल्टच्या तारेला टेकली की वीज झाडातून जमिनीत उतरते आणि सबस्टेशनमधला ब्रेकर फीडर बंद करतो. म्हणजे बघा, लाईट जाते ती संरक्षण यंत्रणा नीट चालते म्हणून!

शिवाय तार एका उंचीवर राहत नाही. उन्हाने आणि भाराने तापते, लांबते, तिला झोळ येतो. 14 ऑगस्ट 2003 ला अमेरिकेत ओहायोमध्ये 345 केव्हीच्या तीन लाईनी तासाभराच्या आत वाढलेल्या झाडांना टेकून बंद पडल्या. पहिलीवर तर क्षमतेच्या निम्माही भार नव्हता. नियंत्रण कक्षातली अलार्म यंत्रणा बंद होती हेही खरं. पण या लाईनींचा भार शेजारच्या लाईनींवर गेला, त्याही सुटत गेल्या, आणि अमेरिका-कॅनडातले सुमारे 5 कोटी लोक अंधारात.

मग छाटायचं कसं? आपल्याकडे सरसकट शेंडा उडवतात. मला ते अजिबात पटत नाही. त्या थोटकातून भराभर धुमारे फुटतात, त्यांची पकड कच्ची असते आणि वाऱ्यात तेच मोडून तारेवर येतात. तारेकडे वळलेली फांदी तिच्या फाट्यापाशी कापली तर झाड दुसऱ्या अंगाने वाढतं.

कोकणात ही युक्ती नारळापुढे हरते. नारळाचा शेंडा तोडला की माड मेला. सुकं झावळ दोन तारांवर आडवं पडलं की शॉर्ट. त्यामुळे माड लावतानाच अंतर ठेवायचं. तारेखाली लिंबू, कढीपत्ता, जास्वंद लावा.

आणि "लाईट गेलीच आहे तर फांदी काढून घेऊ" हे नकोच. लाईट कोणत्याही क्षणी येते, कुणाच्या जनरेटरची वीज उलटी तारेत येऊ शकते. लोखंडी पाइपची आकडी तर जीवच घेते. वायरमनसुद्धा आधी परमिट घेतो, तार अर्थ करतो, मगच वर चढतो. शहरात झाड तोडायला 1975 च्या कायद्याने वृक्ष प्राधिकरणाची परवानगीही लागते.

फांदी तारेत अडकलेली दिसली तर लांब राहून 1912 ला फोन करा. खांबावर नंबर रंगवलेला असेल तर तोही सांगा.