वादळ मोजायचे तर रडार जवळ हवे

मे-जूनमध्ये जळगाव जिल्ह्याच्या रावेर, यावल, चोपडा पट्ट्यात दुपार कलली की शेतकऱ्याची नजर आभाळाकडे जाते. केळीचे खोड म्हणजे लाकूड नव्हे. पानांच्या बुंध्यांचे एकमेकांवर बसलेले, पाण्याने भरलेले थर. त्यावर वीस-पंचवीस किलोंचा घड लोंबत असतो. अशा निसवलेल्या बागेत वादळी वारा शिरला की वर्षभराचे कष्ट काही मिनिटांत आडवे होतात. वादळ किती लांब आहे आणि त्यातला वारा किती वेगाचा आहे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे डॉप्लर रडार देते.

अंतर काढणे सोपे. रडार रेडिओलहरींचा क्षणभराचा झोत सोडते. तो थेंबांवर, गारांवर आदळून परततो. या लहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतात. झोताला जाऊन यायला सेकंदाचा हजारावा भाग लागला, तर ढग १५० किलोमीटरवर आहे.

वेगासाठी एकामागून एक झोत सोडावे लागतात. ताशी ७२ किलोमीटर वेगाने रडारकडे येणारा थेंब सेकंदाच्या हजाराव्या भागात २ सेंटीमीटर सरकतो. जाण्यायेण्याची वाट ४ सेंटीमीटरने घटते. लहरीची लांबी १० सेंटीमीटर असेल, तर पुढच्या झोताच्या प्रतिध्वनीत एवढा फरक स्वच्छ उमटतो आणि त्यावरून वेग कळतो. ख्रिस्तियान डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडलेले हे तत्त्व. धुळे-जळगाव महामार्गावर भरधाव गाडीचा वेग रडारच्या स्पीडगनने मोजला, तरी त्यामागे हेच तत्त्व असते.

पण अंतर आणि वेग यांचे आपसात जमत नाही. घड्याळाचा काटा आधी बारावर आणि नंतर नऊवर दिसला, तर तो नऊ तास पुढे गेला की तीन तास मागे आला, हे नुसते पाहून सांगता येत नाही. दोन झोतांमध्ये लहर अर्ध्या फेऱ्याहून जास्त सरकली की रडारचाही असाच घोळ होतो. १५० किलोमीटरपर्यंतच पाहायचे असेल, तर ताशी ९० किलोमीटरपर्यंतचा वेग निःसंदिग्धपणे कळतो. ३०० किलोमीटरपर्यंत पाहायचे तर प्रत्येक झोत परतण्याची वाट दुप्पट वेळ पाहावी लागते आणि वेगाची मर्यादा ४५ वर येते. झोतांमधला अवकाश आलटून पालटून बदलला तर ही मर्यादा थोडी ताणता येते, संपवता येत नाही.

खान्देशाची अडचण इथेच आहे. मुंबईचे रडार धुळ्यापासून सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटरवर आहे. जळगाव तर मुंबई आणि नागपूर या दोन्ही रडारांपासून साडेतीनशे किलोमीटरहून लांब. त्यात पृथ्वी गोल. क्षितिजाला समांतर सोडलेला झोत ३०० किलोमीटरवर पोहोचेपर्यंत जमिनीपासून पाच किलोमीटर वर गेलेला असतो. ढगाचा माथा त्याला दिसेल. केळी मोडणारा, जमिनीलगतचा वारा दिसणार नाही.

मराठवाड्यासाठी म्हैसमाळला रडार बसवण्याची योजना म्हणूनच खान्देशालाही मोलाची आहे. तिथून धुळे आणि जळगाव साधारण शंभर किलोमीटरवर येतात. एवढ्या अंतरात वक्रतेमुळे झोत जेमतेम ६०० मीटर वर जातो. त्यात डोंगराची उंची तेवढी मिळवायची.

तरीही एक उणीव उरते. रडारला फक्त स्वतःकडे येणारा किंवा स्वतःपासून दूर जाणारा वेग कळतो. जळगाव म्हैसमाळच्या जवळजवळ उत्तरेला आहे. तापीच्या खोऱ्यातून पश्चिमेकडून पूर्वेकडे सुटलेला वारा त्या रडारला आडवा जाईल आणि त्याच्या वेगाचा मोठा भाग नोंदलाच जाणार नाही. तोच वारा दुसऱ्या दिशेने पाहणारे रडार असेल, तर दोन्ही नोंदी जुळवून त्याचा खरा वेग आणि खरी दिशा काढता येते.

म्हणून खान्देशाच्या स्वतःच्या रडारची मागणी ठामपणे व्हायला हवी. अर्ध्या-पाऊण तासाच्या इशाऱ्याने उभी बाग वाचणार नाही, हे खरे. पण बागेतले मजूर सुखरूप घरी पोहोचतील, गुरे गोठ्यात येतील, काढलेला माल झाकला जाईल. जळगाव जिल्ह्याला केळीच्या नावाने देशभर ओळखायचे, तर तिच्यावर चालून येणारा वारा मोजण्याची सोयही त्याच जिल्ह्यात असली पाहिजे.